सर्वांची शाळा : जे. पी. नाईक यांचे स्मरण



कोल्हापूरने महाराष्ट्राला मल्ल दिले, चित्रकार दिले, बोलपट दिला आणि गायकीचे एक घराणेच्या घराणे आपल्या छत्राखाली पोसले. परंतु या ऋणाची मोजदाद करायला बसलेला मनुष्य आजरा तालुक्यातील बहिरेवाडी या गावापाशी सहसा थांबत नाही. त्या गावी ५ सप्टेंबर १९०७ रोजी विठ्ठल हरी घोटगे या नावाचा मुलगा जन्मास आला. पुढे स्वातंत्र्यचळवळीच्या धामधुमीत त्याने आपले नाव पालटून जयंत पांडुरंग नाईक असे घेतले आणि भारतीय शिक्षणाच्या इतिहासात तो जे. पी. नाईक या नावाने रूढ झाला. नुसते ‘जेपी’ म्हटले की आपल्याला जयप्रकाश आठवतात, त्याला इलाज नाही. ५ सप्टेंबर हा दिवस आपण शिक्षकदिन म्हणून पाळतो तो डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मामुळे, आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच तारखेस जन्मलेल्या या दुसऱ्या गुरूचा उच्चार त्या दिवशीच्या एकाही भाषणात माझ्या कानी आलेला नाही, आणि शिक्षकदिनाची भाषणे तर मी उदंड ऐकली आहेत.

त्यांचे चरित्र सांगण्याचा आज माझा इरादा नाही. ज्यांना त्याची रूपरेषा हवी असेल त्यांच्यासाठी चार ओळी पुरेत. गणिताचा हा पदवीधर सविनय कायदेभंगात तुरुंगात गेला. सुटून आल्यावर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून त्याने शाळा, औषधपाणी आणि ग्रामसुधारणा यांचा संसार मांडला. सय्यद नूरुल्ला यांच्यासह ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. १९४८ साली भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभाग घेतला. दिल्लीस केंद्र सरकारचा शिक्षणविषयक सल्लागार म्हणून वर्षानुवर्षे काम केले, तेही नाममात्र एक रुपया वेतनावर. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिवपद सांभाळले. १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची घडी बसवली. आणि ३० ऑगस्ट १९८१ रोजी पुण्यास देह ठेवला. इतक्या पदांच्या माणसाविषयी बोलताना वक्त्याला मोह होतो तो पदांची आरती ओवाळण्याचा. मी तो मोह टाळणार आहे, कारण मला त्यांचे महत्त्व वाटते ते एका हट्टापायी. गावातली साधी, सरकारी खर्चाने चालणारी प्राथमिक शाळा ही सर्वांची शाळा असली पाहिजे, गरिबांसाठी वेगळी काढलेली सोय म्हणून ती असता कामा नये, हा तो हट्ट होय. त्यांचे सर्व लेखन आणि सर्व कारभार या एका खुंटीला टांगलेला आहे, असे माझे मत आहे.

प्रथम हा हट्ट कोठून आला ते पाहू. त्याची मुळे आपल्याच मातीत आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सरकारास स्पष्ट सुनावले होते की, तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने आणि रिकामी होते ती वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर; तेव्हा प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि दुसऱ्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत सगळेच इंग्रज नव्हते, हे येथे नमूद केलेले बरे. आणि १९१७ साली ज्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा निघाला, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला, ते संस्थान कोणाचे? आपल्या छत्रपती शाहूंचे! बहिरेवाडीचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. राजाचा हुकूम खेड्यापर्यंत पोहोचतो कसा, वाटेत कोठे अडतो आणि दप्तरात कोठे निजतो, याचे जे ज्ञान पुढे जे. पीं.च्या लेखनात पानोपानी दिसते, त्याचा आरंभ अशा मुलखात झाला असे मानायला हरकत नसावी.

आता मी त्यांच्या विचारातील पहिल्या मोठ्या मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी आपणां सर्वांना क्षणभर एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेच्या लोखंडी कपाटापाशी नेतो. त्या कपाटात पटाचे एक जाडजूड पुस्तक असते; त्याला गुरुजी मंडळी जनरल रजिस्टर म्हणतात. त्यात अनुक्रमांक, मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख असे रकाने असतात. जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवावे तर १ जून, १ जून, १ जून अशी रांगच्या रांग लागते. अवघे गाव एकाच दिवशी जन्माला आले होते काय? तसे नव्हे. आईला आठवत असे ते एवढेच की पोर आखाडात झाले किंवा पुराच्या साली झाले. शाळा जूनमध्ये उघडे, सहा वर्षे पुरी दिसली पाहिजेत, म्हणून गुरुजींनी आपल्या अधिकारात मुलाला जन्मतारीख बहाल केली. याच पुस्तकाच्या उजव्या टोकाला आणखी एक रकाना असतो, शाळा सोडल्याचे कारण. तेथेही एकाच शेऱ्याची रांग असते: ‘सतत गैरहजर’. आता हे कारण झाले काय? मूल शाळेत का येत नाही, तर ते येत नाही म्हणून! गुरे राखायला गेले, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिले, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आईबापांच्या मागे गेले, हिवतापाने अंथरुणाला खिळले, किंवा दोन वर्षे एकाच इयत्तेत बसून कंटाळले. यांतले काहीही त्या रकान्यात उतरत नाही. दोन शब्दांत एक आयुष्य निकालात निघते आणि दप्तर चोख राहते.

जे. पी. हे गणिती होते आणि त्यांचे सारे गणित या उजव्या टोकाच्या रकान्यावर होते. सरकारी अहवाल डाव्या बाजूचा रकाना वाचत: इतकी मुले दाखल झाली, इतक्या नव्या शाळा उघडल्या, इतके शिक्षक नेमले. जे. पी. उजवीकडून वाचत. पहिलीत आलेली मुले चौथी-पाचवीला पोहोचतात किती? कोठारी आयोगाच्या काळी निम्म्याहून अधिक मुले वाटेतच गळत होती. म्हणजे प्राथमिक शिक्षणावरील खर्चाचा फार मोठा भाग अशा शिक्षणावर होत होता की जे पुरे होतच नव्हते. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने राज्यांस फर्मावले होते की दहा वर्षांच्या आत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे. १९६० आले आणि गेले. हा हक्क मूलभूत म्हणून संविधानात आला तो २००२ च्या दुरुस्तीने, आणि त्याचा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. अर्धशतकाचा हा विलंब कोणाच्या खाती टाकायचा? जे. पी. पालकांच्या खाती तो टाकत नसत. पालकाला शिक्षणाचे महत्त्व कळत नाही हे वाक्य आपण सुशिक्षितांनी आपल्या समाधानासाठी रचलेले आहे. मूल जर दिवसा काम करते, तर दिवसाच्या शाळेने आपली वेळ बदलावी; मूल जर नवव्या वर्षी आले, तर पहिलीच्या बाकावर सहा वर्षांच्या पोरांत त्याला न बसवता त्याच्या वयाला साजेल असा प्रवेश द्यावा; शाळेचे वेळापत्रक हे काही धर्मशास्त्र नव्हे, असे त्यांचे म्हणणे असे. उतारवयात, १९७९ च्या सुमारास, पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत भारतीय शिक्षण संस्थेने दिवसभर राबणाऱ्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे वर्ग काढले, ते या म्हणण्याला अनुसरून. जे. पीं.च्या पत्नी श्रीमती चित्राताई नाईक यांनी तो प्रयोग त्यांच्या पश्चात पुष्कळ वर्षे वाढवला. चित्राताईंवर वस्तुतः एक स्वतंत्र व्याख्यान व्हावयास हवे; या व्याख्यानमालेच्या चालकांनी या सूचनेची नोंद घ्यावी.

दुसरा मुद्दा लहान शाळेचा. हा आज जितका निकडीचा आहे तितका त्यांच्या काळीही होता, म्हणून येथे थोडा अधिक वेळ मागतो.

१९२९ साली हार्टोग समितीचा अहवाल आला. गळती आणि स्थगिती या दोन व्याधींची पद्धतशीर चिकित्सा त्या अहवालाने केली, आणि तेवढ्यापुरते त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण निदान बरोबर आणि औषध उलटे, असा तो प्रकार झाला. समितीचे म्हणणे असे पडले की, विस्तार फार झाला, आता विस्तार आवरा आणि असलेल्या शाळा सुधारा. ज्या अकार्यक्षम आहेत, ज्यांचा पट लहान आहे, त्या मोडून दुसऱ्यांत मिळवा. सरकारी फडणिशीला हा सल्ला गोड लागला, कारण त्यात गुणवत्तेचे नाव होते आणि काटकसरीची सोय होती! नूरुल्ला आणि नाईक या उभयतांनी आपल्या इतिहासग्रंथात या धोरणाची चांगलीच झडती घेतली आहे. ज्या देशात बहुसंख्य माणसे निरक्षर आहेत, तेथे आधी गुण आणि मग संख्या असा क्रम लावणे म्हणजे ज्यांच्या वाट्याला अद्याप शाळाच आली नाही त्यांना अनिश्चित काळपर्यंत दाराबाहेर ताटकळत ठेवणे होय. समता, गुणवत्ता आणि संख्या हा त्रिकोण तीनही बाजूंनी एकाच वेळी बांधावा लागतो, एक बाजू सोडली की उरलेल्या दोन कोसळतात. १९७५ साली जे. पीं.नी जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचे सारे विवेचन या त्रिकोणाभोवती फिरते, आणि तो त्रिकोण आपल्या हाती लागत नाही हेही ते तेथे लपवत नाहीत.

एकशिक्षकी शाळेवर तर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. केवढा क्षुद्र विषय, असे एखाद्या विद्यापीठीय पंडिताला वाटावे! राष्ट्रीय आयोगाचा सचिव होण्याच्या योग्यतेचा मनुष्य चार इयत्ता, एक खोली आणि एक मास्तर यांचा विचार करीत बसतो! पण डोंगरी मुलखातल्या वाड्या-वस्त्या ज्याने पायी हिंडून पाहिल्या आहेत त्याला ठाऊक असते की, त्या वस्तीवर शाळा असेल तर ती एकशिक्षकीच असेल. नसेल तर काहीच नसेल. मग त्या एका मास्तराने पहिलीला अक्षरे गिरवायला लावून तिसरीचा पाढा ऐकावा, चौथीच्या मुलाकडून दुसरीचे वाचन घ्यावे, वेळापत्रक कसे आखावे, याचा शास्त्रशुद्ध विचार कोणी करायचा? ज्याला त्या शाळेत दोष दिसतो त्याने ती बंद करण्याची शिफारस करावी, हे सोपे. ती चालेल कशी, हे शोधून काढणे अवघड.

महाराष्ट्रात २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची कल्पना शासनाकडून पुढे आली, तेव्हा मला हार्टोगसाहेबांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. समूह शाळेत खोल्या चांगल्या असतील, प्रयोगशाळा असेल, मुलांना ने-आण करायला गाडीही असेल. या गोष्टी वाईट आहेत असे कोण म्हणेल? पण वर्षाकाळी ओढ्याला पाणी आले आणि गाडी वस्तीपर्यंत आली नाही, म्हणजे घरी कोण राहते? आधी मुलगी राहते. आणि मग त्या उजव्या टोकाच्या रकान्यात कोणता शेरा पडतो, ते मी पुन्हा सांगायला नको. प्रत्येक लहान शाळा राखलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. जेथे दोन शाळा हाकेच्या अंतरावर आहेत तेथे एक पुरे. परंतु निर्णयाचा निकष मुलाची चाल हा असावा, तिजोरीची चाल नसावी.

यापुढे तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. कोठारी आयोगाने २९ जून १९६६ रोजी आपला अहवाल सादर केला. त्या अहवालाचे आपण काय घेतले? दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध घेतला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला तो तोंडपाठ आहे. कार्यानुभव घेतला आणि त्याचे कागदाच्या टोप्या करण्याच्या तासात रूपांतर केले. भाषांचे त्रिसूत्र घेतले आणि त्यावर अजून भांडतो आहोत. मग टाकले काय? टाकली ती समान शाळापद्धती. आयोगाने म्हटले होते की, एका परिसरातील सर्व मुले, जात, पंथ, मिळकत आणि प्रतिष्ठा यांचा विचार न करता, त्या परिसरातील एकाच सार्वजनिक शाळेत जावीत, आणि हे वीस वर्षांत क्रमाक्रमाने घडवून आणावे. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात या पद्धतीचा उल्लेख आदराने झाला. त्यापुढे तिला कोणी हात लावला नाही.

यामागचा युक्तिवाद भाबड्या समतेचा आहे असे अनेकांना वाटते. तो तसा नाही. तो अत्यंत व्यवहारी आहे. ज्या शाळेत मामलेदाराचा मुलगा आहे, डॉक्टरची मुलगी आहे, त्या शाळेच्या छपराला गळती लागली तर ते किती दिवसांत दुरुस्त होते, आणि ज्या शाळेत नुसती शेतमजुरांची मुले आहेत तेथे किती दिवसांत होते, हे आपण प्रत्येकाने पाहिलेले आहे. वजनदार माणसाने आपले मूल ज्या दिवशी सार्वजनिक शाळेतून काढले, त्या दिवशी शाळेने एक विद्यार्थी गमावला एवढेच झाले नाही. तिने आपला वकील गमावला. उरलेल्यांची दरखास्त मग कोणत्या टेबलावर जाऊन पडते, याची चौकशी कोणी करीत नाही. आमच्या पिढीतली मामलेदार, डॉक्टर, प्राध्यापक म्हणवणारी पुष्कळ माणसे नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत, पाटीवर पेन्सिल घासत, शेजारच्या वाड्यातल्या आणि मागच्या वस्तीतल्या मुलांबरोबर शिकली. ती शाळा काही फार थोर होती असे नव्हे. मास्तर मारीत, पाऊस आत येई. पण ती सर्वांची होती, आणि तिच्यावर गावाचा डोळा असे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. श्रोत्यांतील एखादी माता म्हणेल, तुमचे तत्त्व मला मान्य. पण शाळा सुधारेल तेव्हा सुधारेल, माझे मूल तर आज सहा वर्षांचे आहे, त्याचा प्रयोग मी का करू? या मातेला दोष देण्याचा अधिकार मला नाही. एकट्या पालकाने त्याग करून ही पद्धती येणार नाही, हे आयोगालाही ठाऊक होते. म्हणून तर त्याने ती पालकाच्या सदसद्विवेकावर न सोपवता शासनाच्या धोरणात घालावी असे सुचवले. आरंभी प्राथमिक शाळा किमान दर्जाला आणा, मग परिसरशाळेचा नियम काही भागांत लागू करा, मग वाढवा, असा तो क्रम होता. आपण पहिली पायरीच चढलो नाही आणि जिना निरुपयोगी ठरवला.

या बाबतीत एक विलक्षण घटना सांगण्याजोगी आहे. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, उत्तर प्रदेशात सरकारी तिजोरीतून वेतन घेणारे अंमलदार, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घातली पाहिजेत, आणि मुख्य सचिवांनी सहा महिन्यांत तशी तजवीज करावी. अर्धशतकापूर्वी आयोगाने विनंतीच्या भाषेत जे मांडले ते न्यायासनाने हुकमाच्या भाषेत उच्चारले. मात्र आदेश कागदावर राहिला. त्याची अंमलबजावणी करायची होती ती कोणी? ज्यांची मुले त्या शाळांत घालायची होती त्यांनीच!

जे. पीं.च्या मोठेपणाची मला वाटणारी खरी खूण आता सांगतो. मोठ्या आयोगाचा सचिव आपल्या अहवालाचा जन्मभर कैवारी राहतो. टीका आली तर ती सरकारच्या माथी मारतो. या माणसाने आपल्याच आयोगाच्या कामगिरीचा ताळेबंद मांडणारा ग्रंथ लिहिला, आणि सूचना का फसल्या याचा शोध घेताना आयोगाच्या स्वतःच्या उणिवाही तपासणीच्या कक्षेत आणल्या. राज्यकर्त्यांची इच्छा, नोकरशाहीची सवय आणि सुखवस्तू वर्गाचा स्वार्थ यांचा हिशेब न करता कागदावर उत्तम योजना आखून काय उपयोग, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. अखेरच्या वर्षांत ते आरोग्याच्या प्रश्नाकडेही वळले, सर्वांसाठी आरोग्य या विषयावरील अभ्यासगटाच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. उप्पिन बेटगेरीत औषधाच्या बाटल्या वाटणाऱ्या तरुणाला ते वळण नवखे नव्हते. खेड्यातले मूल त्यांना कधी शिक्षणखात्याचे आणि आरोग्यखात्याचे असे वाटून दिसलेच नाही.

पैशाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. आयोगाने सांगितले होते की शिक्षणावरील खर्च १९६५-६६ मधील राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्क्यांवरून १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा. तो ६ चा आकडा त्यानंतरच्या प्रत्येक धोरणात छापला गेला आहे आणि एकदाही गाठला गेलेला नाही. हा आकडा कसा काढला, त्यात प्राथमिक शिक्षणाचा वाटा किती धरला होता, आणि आज शाळेला मिळणाऱ्या रुपयापैकी खडू-फळ्यापर्यंत किती पोहोचतो, याचे गणित मी फळ्यावर मांडून दाखवणार आहे, आणि त्याला घाईगर्दी करून चालणार नाही. अध्यक्षमहाशयांनी घड्याळाकडे पाहिल्याचे माझ्या लक्षात आले आहे. तेव्हा तो भाग उद्या सायंकाळी याच वेळी, याच जागी.